सोमकुंवर बाबूंचे चूप टायर

सौंसरच्या बसस्टँडवर कोणाच्या गाडीचे टायर घरघर करत गेले की चहाच्या टपरीवरचा एखादा तरी म्हणतो, "सोमकुंवर बाबूले दाखवाचे होते हे टायर." दुसरा लगेच आवाज बारीक करून, नुसत्या श्वासात म्हणतो, "आयकून राहिले का?" मग सगळे हसतात. बाबू आता नाहीत. हसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी त्यांना पाहिलेलंही नाही. पण नक्कल चालू आहे, आणि ती मूळची माझी आहे.

ती कोणाच्या आवाजाची आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तो आवाज कमलवहिनींचा, बाबूंच्या बायकोचा. त्यांच्या गळ्यातली गाठ काढली तेव्हा गाठीबरोबर आवाजही गेला आणि श्वासाएवढं बोलणं उरलं. धावत्या गाडीत ते ऐकू यावं म्हणून बाबू न बोलणारे टायर शोधत होते. त्यांना कानाचं वेड लागलं नव्हतं, म्हातारचळही नव्हता. वहिनींनी कोणाला सांगू नका म्हटलं, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. लोक हसले ते त्यांनी स्वतःवर घेतलं.

हे लिहायचं का, म्हणून मी पांढुर्ण्याहून सौंसरला जाऊन वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहा भाऊजी. पण त्यायचं जास्त लिहा, माह्यं कमी."

तर बाबूंबद्दल.

मधुकर सोमकुंवर आणि मी सौंसरच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये बरोबर नोकरीला होतो. ट्रंककॉल बुक करून लोक दिवसदिवस वाट पाहायचे तो काळ. बाबू ऑपरेटर, मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. ठेंगणा माणूस, केस नेहमी तेल लावून बसवलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. सकाळी आल्यावर मला "जयभीम, ढोलेभाऊ" म्हणायचे, मी "रामराम, बाबू" म्हणायचो, आणि मग ते खुर्ची पुसायचे. आधी माझी, मग स्वतःची.

नागपूरची लाइन लागली की ते एकच शब्द म्हणायचे, "बोला." तो शब्द ते असा म्हणायचे की पलीकडच्याला वाटावं, आपल्यासाठी कोणी तरी दार उघडून धरलं आहे. एवढं म्हणून ते हेडफोन काढून खिळ्याला अडकवायचे आणि तोंड खिडकीकडे फिरवायचे. आम्ही बाकीचे असे नव्हतो. आम्ही ऐकायचो. कोणाची सोयरीक तुटली, कोणाच्या भावाने बाहेर दुसरं घर केलं, संत्र्याचा भाव काय फुटला, सगळं आम्हाला गावाच्या आधी कळायचं. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबू, आत्ताच त्या बागवाल्याचा फोन लावला न तुम्ही? काय भाव म्हणून राहिले नागपूरवाले?"

"मले काय माहीत?"

"अहो, तुम्हीच तं लाइन जोडली."

"जोडली. मंग मी खिडकीत पाहून राहिलो होतो. एक बकरी होती. पायाने लंगडून राहिली होती बिचारी."

त्यांना खरोखरच बकरीबद्दल सांगता आलं असतं, भावाबद्दल नाही.

त्यांच्या बोलण्यात एक्सचेंज शेवटपर्यंत राहिलं. कोणाच्या घरात भांडण असलं तर म्हणायचे, "त्यायच्या घरी लाइन साफ नाही." पावसाळ्यात सर्दी झाली की, "खरखर आहे आज." माझी आई गेली तेव्हा सांत्वनाला पांढुर्ण्याला आले, दिवसभर बसले. उठताना एवढंच म्हणाले, "कव्हाही आवाज द्या. लाइन चालू आहे."

आणि घरी त्यांना जो आवाज दिला जायचा, तो असा. वहिनी जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, "अहो"सुद्धा म्हणायच्या नाहीत. आमच्याकडे बऱ्याच बाया म्हणतात तसं त्या म्हणायच्या, "आयकून राहिले का?" म्हणजे ऐकताय ना; तेच बाबूंचं नाव होतं म्हणा ना. आणि बाबूंचं उत्तर ठरलेलं, "आयकून राहिलो ना." मग पुढचं बोलणं. त्या काळी वहिनींचा आवाज असा खणखणीत होता की त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारली की आम्ही पुढच्या खोलीत बसलेले सगळेच "हाव" म्हणायचो.

आम्ही रिटायर झालो. त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला नोकरीला लागला आणि त्याने जुनी पांढरी गाडी वडिलांकडे सोडली. बाबू उतारवयात गाडी शिकले आणि चांगली शिकले. पुढच्या सीटवर त्यांची म्हातारी माय बसायची, मागे वहिनी. माय वारली तरी वहिनी पुढे आल्या नाहीत. "मायची जागा आहे ते," म्हणायच्या. तिथे मग संत्र्याची टोपली ठेवायचे, तिला पट्टा लावून.

त्यानंतर गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. वहिनी मात्र लोकांत बोलेनाशा झाल्या. पदर तोंडाला धरून हसायच्या, मान हलवायच्या. बाया म्हणू लागल्या, पोरगा साहेब झाला तशी कमलबाई मोठी झाली. माझी बायकोही म्हणाली. फुटक्या बासरीसारखा झालेला आवाज लोकांनी ऐकू नये, एवढीच त्यांची धडपड होती. हे सगळं मला वहिनींनी बाबू गेल्यावर सांगितलं, आणि बराच वेळ लागला सांगायला.

घरात भाडेकरू होते, शेजारी येऊन-जाऊन असायचे. वहिनींना मोकळं बोलायला एकच जागा उरली होती, ती गाडी. काचा वर, दोघंच. रामाकोन्याला त्यांचं माहेर, तिथे दर आठवड्याला जायचे. पण गाडीने वेग घेतला की जुने, झिजून कडक झालेले टायर असे घुमायचे की मागचा श्वास पुढे पोचायचा नाही. बाबू म्हणायचे, "काय?" वहिनी पुन्हा सांगायच्या. बाबू पुन्हा, "काय?" तिसऱ्यांदा त्या म्हणायच्या, "जाऊ द्या." आणि मग उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघायच्या. बाबूंनी गाडी कडेला उभी करून पाहिली. पण गाडी थांबली की वहिनींना काही आठवायचं नाही. त्यांचं बोलणं चालत्या गाडीचं होतं.

मग बाबू आरशात बघून त्यांचे ओठ वाचू लागले. त्या नादात एक दिवस रामाकोन्याच्या अलीकडे गाडी सरळ कपाशीत गेली. कोणाला लागलं नाही, चार तासं, म्हणजे ओळी, मोडली. सौंसरभर झालं, बाबूंना गाडी चालवताना झोप लागली. प्रशांत पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, किल्ली द्या. आता बस झालं." बाबू त्याला म्हणाले, "झोप नाही लागली. टायर खराब आहेत." प्रशांतला ते खोटं वाटलं, कोणालाही वाटलं असतं. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, टायर बदला. पुन्हा असं झालं तर गाडी विकू."

म्हणजे गाडी गेली असती तर वहिनींची बोलायची जागाच गेली असती. बाबू टायरच्या मागे का लागले, ते आता वाचणाऱ्याला कळेल. आम्हाला तेव्हा दिसलं ते एवढंच, की साठी उलटलेला एक माणूस टायरच्या दुकानात तासनतास बसतो.

पांढुर्ण्याच्या टायरवाल्याकडे त्यांच्याबरोबर मीच गेलो होतो. दुकानदार राजू मोठा बोलबच्चन. त्याने मोठ्या खोल खाचांचा दणकट टायर पुढे ढकलला. "हा घ्या बाबू. खड्डा असो, चिखल असो, हा कोणाच्या बापाले आयकत नाही."

"चालते किती ते नको सांगू," बाबू म्हणाले. "बोलते किती?"

"अं?"

"बोलते किती हा? डांबरावर, सिमेंटवर."

राजूने माझ्याकडे पाहिलं. मी डोळा मारला, तसा तो म्हणाला, "बाबू, टायर हाय हा. सून नाही."

बाबूंनी हसून त्याच्या दंडावर थोपटलं आणि टायर अंगठ्याने दाबून पाहू लागले. मग बोटाने टिचकी मारली, कान लावला. राजू म्हणाला, "टरबूज हाय का ते? लाल निघन म्हणा!" दुकानातले सगळे हसले. बाबूही हसले, पण कान तिथेच.

दुकानात कान लावून काही कळत नाही, हे त्यांना लवकरच कळलं. टायर चालल्याशिवाय बोलत नाही, आणि विकत घेतल्याशिवाय चालत नाही. मग त्यांनी एक युक्ती काढली. आपल्या मापाचे टायर असलेल्या लोकांच्या गाड्यांत ते बसू लागले. लग्नात जेवणाच्या रांगेत उभ्या माणसाला विचारायचे, "तुमच्या गाडीले कोणते टायर हायेत?" आणि मग हात जोडून, "लोधीखेड्याच्या रस्त्यानं एक चक्कर माराल का?" लोक मारायचे. बाबू मागे डोळे मिटून बसायचे. परत आल्यावर अभिप्राय द्यायचे. "याची घरघर कमी, पण साठच्या वर शिट्टी मारते." किंवा, "हा रस्त्यावर भजन करते." कारण विचारलं तर एकच, "एक्सचेंजचे कान हायेत भाऊ, खरखर सहन होत नाही."

माझ्याही गाडीत बसले. त्या दिवशी मात्र त्यांनी मला मागे बसवलं आणि स्वतः चालवायला घेतली.

"ढोलेभाऊ, मी वेग घेतला की हळूच काही तरी बोला. अगदी हळू. श्वासात."

"काय बोलू?"

"काहीही." मग म्हणाले, "म्हणा, आयकून राहिले का."

मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. साठीचा मी, सत्तरीकडे झुकलेले ते, आणि मी मागे बसून बायकी आवाजात म्हणतोय, आयकून राहिले का! मला जे हसू फुटलं ते आवरेना. बाबू म्हणाले, "हसू नका ना भाऊ, हसलं की आयकू येत नाही." त्यावर मी आणखी हसलो.

शेवटी त्यांना हवे ते टायर मिळाले. शाळेतल्या एका बाईंच्या गाडीचे होते तसे. बारीक बारीक रेषा, कडा गोल, रबर जरा मऊ. राजू म्हणाला, "हे लवकर झिजतीन बाबू." बाबू म्हणाले, "झिजू दे." चाकं सरळ करून घेतली, हवा मोजून भरली. दुसऱ्या दिवशी रामाकोन्याच्या रस्त्यावर, जिथे कपाशीत गेले होते त्याच वळणावर, वहिनी मागून म्हणाल्या, "आयकून राहिले का?" आणि बाबूंनी आरशात न बघता उत्तर दिलं, "आयकून राहिलो ना." वहिनींनी सांगितलं, "मंग मी रामाकोना येईलोक बोलूनच राहिली होती, भाऊजी. इतक्या महिन्यांचं साचलं होतं."

गोष्ट इथे संपायला हवी होती. मी ती संपू दिली नाही.

आम्ही एक्सचेंजचे जुने लोक वर्षातून एकदा घरच्यांना घेऊन जामसावळीच्या बाजूला एका संत्र्याच्या बागेत जमायचो. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, वांग्याची भाजी, पातळ वरण. जेवणं झाली की मी नकला करायचो, ते माझंच काम असायचं. साहेबांची केली, लाइनमनची केली. मग कोणी तरी म्हणालं, "बाबूच्या टायरची होऊ द्या!" मी एका पोत्यावर बसलो, हातात काल्पनिक स्टिअरिंग धरलं. मग टुणकन मागे सरकून, तोंडाला उपरणं धरून, श्वासात म्हटलं, "आयकून राहिले का?" पुन्हा पुढे येऊन, "खरखर आहे, खरखर आहे!" पुन्हा मागे. लोक लोळायचे बाकी होते.

वहिनी बायांत बसल्या होत्या. त्या उठल्या, खरकटी ताटं गोळा केली आणि विहिरीकडे गेल्या. मला वाटलं, कामाची बाई आहे.

बाबू हसत माझ्याजवळ आले. सोललेलं संत्रं माझ्या हातात ठेवलं. "मस्त केलं, ढोलेभाऊ." आणि मग अगदी जवळ येऊन, "आवाज थोडासा जास्त झाला. याहूनही हळू असते."

मला तो विनोद वाटला. मी तोही दुसऱ्या दिवशी चार ठिकाणी सांगितला.

नक्कल पसरली. बाजारात बाबूंची गाडी दिसली की भाजीवाले, पानवाले, शाळेतली पोट्टी बारीक आवाजात ओरडायची, "बाबू, आयकून राहिले का?" बाबू हात वर करायचे. पण मागे बसलेल्या बाईला नवऱ्याशी बोलायला सुरुवात करायची तर तेच शब्द होते. लग्न झाल्यापासून दुसरे नव्हते. ते मी त्यांच्या घरातून उचलून बाजारात नेऊन ठेवले होते. वहिनींनी गाडीत बसणं सोडलं. रामाकोन्याहून भाऊच भेटायला येऊ लागला. बाबू अधूनमधून एकटेच पांढुर्ण्याला यायचे. नवे टायर, गाडी अशी चूप की दारात येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही. मागची सीट रिकामी. मी विचारायचो, "वहिनी नाही आल्या?" ते म्हणायचे, "पाय दुखून राहिले तिचे." आणि मी विश्वास ठेवायचो. एकदा तर मी त्या रिकाम्या सीटवर बसून पुन्हा तेच केलं, आयकून राहिले का. ते हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून गेले. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

पुढे बाबूंचं हृदय थकलं. नागपूरला दाखल करायचं ठरलं. प्रशांतला यायला संध्याकाळ होणार होती, म्हणून सकाळी मला फोन आला. मी बसने सौंसरला गेलो. गाडी त्यांचीच. मी चालवायला बसलो, शेजारच्या सीटवर पिशव्या. बाबूंना मागे बसवलं. वहिनी दारात उभ्या राहून क्षणभर माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांच्या शेजारी बसल्या.

सौंसर मागे पडलं. मी वेग घेतला. ते टायर चालवायची माझी पहिलीच वेळ. रस्ता खालून जातोय की नाही असं वाटावं इतकी शांतता. लोधीखेडा यायच्या आधी मागून श्वास ऐकू आला.

"आयकून राहिले का?"

तीच पट्टी, तोच शेवटी तुटणारा 'का'. मी पोत्यावर बसून केला होता तो आवाज, फक्त याहून हळू. बाबूंनी सांगितलं होतं तसा.

"आयकून राहिलो ना."

"गॅस बंद केला का तुम्ही?"

"केला."

"पक्कं?"

"पक्कं. खालचं बटनपण फिरवलं."

मग वहिनी बोलत राहिल्या. संत्र्याला बहार चांगला आला आहे. भाडेकरणीच्या पोरीला मुलगा झाला, नाक आजोबावर गेलं. रामाकोन्याच्या भावाने म्हैस विकली, उगाच विकली. किती तरी महिन्यांचं साचलेलं. त्यांना अवघडू नये म्हणून मी ऐकू येत नसल्यासारखं दाखवायला हवं होतं, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता. आरशात बाबू दिसले. मान वहिनींकडे झुकलेली, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर दुसऱ्याच्या गाडीत टायर ऐकताना असायचा तोच भाव. सिमेंटचा पट्टा लागला तेव्हा टायर जरासे गुणगुणले. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "भाऊ, जरा हळू. लाइन साफ राहू द्या."

मी हळू चालवली.

दवाखान्याच्या दारात बाबूंना चाकाच्या खुर्चीत बसवलं. रिक्षांचे भोंगे, माणसांची ओरड. मी वहिनींसमोर जाऊन उभा राहिलो. "वहिनी, त्या दिवशी बागेत मी..." त्या काही तरी म्हणाल्या. गोंगाटात मला ऐकू आलं नाही. "काय?" माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळून मी वाकलो आणि माझा कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

त्याच वेळी खुर्चीतून बाबूंचा आवाज आला, बारीक पण जुनाच.

"बोला."

वहिनी पुन्हा म्हणाल्या, "गाडी सावलीत लावा, भाऊजी. उन्हानं त्यायचे टायर कडक होतीन. परत जातानी मले बोलाचं आहे त्यायच्याशी."

मी मान वर केली तेव्हा बाबूंनी तोंड दुसरीकडे फिरवलेलं होतं, दवाखान्याच्या खिडकीकडे, लाइन जोडून दिल्यावर फिरवायचे तसं. वॉर्डबॉयने खुर्ची आत ढकलली. त्यांचे तेल लावून बसवलेले केस मला तेवढे दिसले. मी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली.